मूठभर माती आणि बावीस वर्षं

घरी शेती असेल तर मृदा आरोग्य पत्रिका तुम्ही पाहिली असेल. नसेल तर गावाकडच्या मामाला किंवा काकाला विचारा. शेतात व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करायची, अर्धा किलोची पिशवी प्रयोगशाळेत द्यायची, मग तो कागद हातात पडतो. नत्र, स्फुरद, पालाश ही नेहमीची मंडळी त्यात असतातच, पण खाली जस्त, लोह, मंगल यांच्या रांगेत तांबंही असतं. पिकाला तांबं लागतं. मात्र किती? चिमूटभरसुद्धा नाही.

जास्त झालं तर काय होतं, हे द्राक्षबागायतदाराला विचारा. मोरचूद म्हणजे तांब्याचंच एक रूप. मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण फवारलं की वेलीवरची बुरशी मरते. जे बुरशीला मारतं, ते प्रमाणाबाहेर मातीत साचलं तर मुळांनाही सोडत नाही. मूळ खुंटतं, रोप पिवळं पडतं, आणि वरून कितीही खत घातलं तरी उपयोग होत नाही.

आज ज्यांची गोष्ट सांगायचीय त्यांनी आयुष्याची शेवटची बावीस वर्षं अशा मातीपायी घालवली. नाव तानाका शोझो. (आडनाव आधी, नाव नंतर, ही तिकडची रीत.) जपानमधली शाळकरी मुलं हे नाव पाठ्यपुस्तकात वाचतात. तानाका शास्त्रज्ञ नव्हते. आधी गावचे कारभारी, मग पत्रकार, मग खासदार, आणि शेवटी एका बुडवलेल्या गावाचे रहिवासी. पण त्यांच्या लढ्याच्या मुळाशी एका तरुण मृदाशास्त्रज्ञाचा अहवाल होता. अशा गोष्टींत एरवी शास्त्रज्ञ शेवटी येतो, पुरावा सापडतो आणि सगळं सुरळीत होतं. इथे मात्र पुरावा पहिल्याच वर्षी हातात आला होता. पुढे जे झालं, ते पुरावा खरा असूनही झालं.

तानाकांचा जन्म १८४१ चा, कोनाका नावाच्या खेड्यातला. आज हे गाव टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात, सानो शहराच्या हद्दीत येतं. वडील गावचे नानुशी, म्हणजे आपल्याकडचे पाटीलच म्हणा. घर खाऊनपिऊन सुखी, पोरगा हट्टी. लहानपणी त्याने एक चित्र काढून गड्याला दाखवलं. गडी म्हणाला, फारसं जमलं नाही. झालं! तूच काढून दाखव, म्हणून पोरगं हटूनच बसलं. गड्याने माफी मागितली तरी ऐकेना. शेवटी आईने रात्री पावसात त्यालाच बाहेर उभं केलं, तब्बल दोन तास. म्हातारपणी आत्मचरित्र सांगताना तानाकांनी ही आठवण आवर्जून सांगितली. नोकरावर जोर करणं आईने खपवून घेतलं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हट्ट मात्र काही गेला नाही.

विशीच्या आत ते स्वतः नानुशी झाले. गावाचे जमीनदार म्हणजे रोक्काकु घराणं. त्यांच्या कारभाऱ्यांनी गावकऱ्यांवर मनमानी सुरू केली, तसे तानाका त्यांना आडवे गेले. परिणाम, तुरुंग. कोठडी जेमतेम तीन फूट लांब आणि तितकीच रुंद. उभं राहता येईना, पाय पसरता येईनात. अशा जागेत दहा महिने काढले. जेवणातून विष घालतील या धास्तीने त्यांनी काही दिवस फक्त वाळवलेले माशाचे तुकडे चघळून काढले. सुटल्यावर उत्तरेकडे सरकारी नोकरी धरली, तर तिथे वरिष्ठाचा खून झाला आणि आळ यांच्यावर आला. १८७१ ते १८७४, पुन्हा तुरुंग. शेवटी निर्दोष सुटले. बोलताना ते अडखळायचे. या तुरुंगवासात हाती आलेली पुस्तकं मोठ्याने वाचून वाचून त्यांनी जीभ सरळ केली. पुढे संसदेत ज्यांच्या भाषणांनी मंत्री हैराण व्हायचे, त्यांच्या वक्तृत्वाचा क्लास हा असा!

मग वर्तमानपत्र काढलं, प्रांतिक सभेत निवडून आले, तिचे अध्यक्ष झाले. १८९० मध्ये जपानची पहिली संसदीय निवडणूक झाली आणि तानाका खासदार झाले. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. आयुष्य इथे संपलं असतं तरी गावात पुतळा लागला असता.

त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, वातारासे नदीला पूर आला.

ही नदी आशियोच्या डोंगरात उगम पावते आणि खाली सपाटीवर येऊन तोने नदीला मिळते. तिचा पूर म्हणजे खालच्या शेतकऱ्यांना पर्वणीच असायची. डोंगरातला पालापाचोळा आणि गाळ शेतात पसरायचा आणि पुढे कितीतरी दिवस खत घालायची गरज पडायची नाही. कृष्णाकाठच्या, गोदाकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पण १८९० चा पूर ओसरला आणि पीक उभं राहण्याऐवजी जळाल्यासारखं झालं. भाताच्या खाचरात पाणी जिथून शिरतं, तिथली रोपं सर्वांत आधी गेली. नदीतले मासे तर त्याच्या चार-पाच वर्षं आधीपासूनच मरत होते. मासेमारीवर जगणाऱ्यांनी जाळी गुंडाळली होती. तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नव्हतं.

वर डोंगरात होती आशियोची तांब्याची खाण. खाण जुनीच, सतराव्या शतकापासूनची, पण मधल्या काळात थकलेली. १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई या व्यापाऱ्याने ती घेतली. काही वर्षांत नवे साठे लागले, युरोपातली यंत्रं आली आणि आशियो जपानची सर्वांत मोठी तांब्याची खाण बनली. १८८८ मध्ये फुरुकावाने जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीशी सुमारे १९ हजार टन तांब्याचा करार केला. (मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांचा चीनचा व्यापार ज्या कंपनीबरोबर चालायचा, तीच ही कंपनी. जग तेव्हाही लहानच होतं.) जपानला त्या वेळी परकीय चलन हवं होतं, तारायंत्रासाठी तारा हव्या होत्या, बंदुकीची काडतुसं हवी होती. या सगळ्यासाठी तांबं लागायचं. त्यामुळे आशियो ही एका माणसाची खाण राहिली नव्हती, ती देशाची गरज बनली होती. फुरुकावाच्या हिशेबात ही गोष्ट पैशापेक्षाही मोलाची होती.

आता यातलं रसायनशास्त्र बघू, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच आहे. आशियोचं तांबं गंधकाबरोबर जखडलेलं असतं. दगड दळून त्यातलं तांबं काढायचं आणि उरलेला चुरा नदीकाठी टाकायचा. या चुऱ्यात गंधकही असतं आणि हातून निसटलेलं तांबंही. हवा आणि पाणी लागलं की गंधकाचं आम्ल होतं, ते आम्ल तांबं विरघळवतं आणि नदी ते घेऊन निघते. दुसरीकडे भट्टीतून गंधकाचा धूर बाहेर पडतो, त्याने डोंगरावरची झाडं मरतात. उरलीसुरली झाडं खाणीतल्या लाकडी टेकूंसाठी आणि सरपणासाठी तोडली जातात. मग उघड्या डोंगरावर पाणी थांबत नाही. पूर आधीपेक्षा जास्त येतात, मोठे येतात, आणि आता त्यांच्या गाळात तांबं असतं. ही एकाच यंत्राची दोन चाकं आहेत. शेतात उतरलेलं तांबं मातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या पाल्याला घट्ट चिकटतं. पुढच्या पावसाने ते वाहून जात नाही. नांगराच्या फाळाखाली, मुळं जिथे पसरतात त्याच थरात ते ठाण मांडून बसतं.

शेतकऱ्यांना हे सूत्रांत मांडता येत नव्हतं, पण नदीचा रंग कळत होता. १८९१ मध्ये त्यांनी माती आणि पाणी तपासून घ्यायचं ठरवलं. मातीचे नमुने पोहोचले टोकियोतल्या कोमाबा इथल्या कृषी महाविद्यालयात, कोझाई योशिनाओ यांच्याकडे. कोझाई तेव्हा सव्वीस वर्षांचे, सहायक प्राध्यापक. ऑस्कर केल्नर नावाचे जर्मन कृषिरसायनतज्ज्ञ कोमाबात शिकवायचे, त्यांच्या तालमीतले.

बारावीच्या सॉल्ट ॲनालिसिसमध्ये अमोनियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर गडद निळा रंग आला की तुम्ही वहीत कॉपर लिहून मोकळे होता ना? तांबं ओळखणं तेव्हाही फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते ओळखून कागदावर सही करणं. सरकारी पगार घेणाऱ्या, करिअर नुकतंच सुरू झालेल्या तरुणाने, देशातल्या सर्वांत मोठ्या खाणीविरुद्ध. कोझाईंनी सही केली. जून १८९१ मध्ये त्यांचं उत्तर आलं. खराब झालेल्या मातीत तांब्याची संयुगं आहेत आणि पिकांच्या नुकसानीचं कारण तेच आहे, असा स्पष्ट निष्कर्ष होता. पुढे नागाओका मुनेयोशी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी यावर शास्त्रीय लेखही प्रसिद्ध केला. गावकऱ्यांनी नुकसानीची माहिती जमवून एक पुस्तिका छापली, तर तिच्यावर ताबडतोब बंदी आली.

डिसेंबर १८९१. तानाका संसदेत उभे राहिले. मागणी साधी होती. राज्यघटनेने प्रजेच्या मालमत्तेला संरक्षण दिलंय, खाणकामाच्या नियमांत लोकहिताला बाधा आली तर परवाना रद्द करायची तरतूद आहे, मग सरकार गप्प का? संबंधित मंत्री होते मुत्सु मुनेमित्सु. यांचा धाकटा मुलगा फुरुकावाला दत्तक गेलेला. होय, त्याच फुरुकावाला! संसद बरखास्त झाली आणि मंत्र्यांचं उत्तर नंतर छापून आलं. नुकसान झालंय हे खरं, पण कारण निश्चित नाही, तज्ज्ञ अभ्यास करत आहेत, आणि खाणमालकाने तांब्याची पूड अडवणारी यंत्रं परदेशातून मागवली आहेत. कारणच माहीत नसेल तर यंत्रं कशासाठी मागवली, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो तानाकांनाही पडला.

मग सुरू झाला तडजोडीचा खेळ. प्रांताचे अधिकारी मध्यस्थ बनून गावोगावी फिरले. थोडी रक्कम घ्या, आणि यंत्रांचा प्रयोग चालू आहे तोवर, म्हणजे जून १८९६ पर्यंत, तक्रार करायची नाही. पुढे तर कायमचंच तोंड बंद ठेवायचे करारही आले. घरात धान्य नाही, चीनशी युद्ध सुरू झालेलं, अशा वेळी पुष्कळांनी सह्या केल्या. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. तानाका मात्र गावोगावी जाऊन सह्या करू नका म्हणून सांगत राहिले, आणि हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरी चूल पेटत होती, हेही खरंय. हा अवघडलेपणा त्यांना नंतर फार टोचला असावा, असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून वाटतं.

मुदत संपली आणि त्याच वर्षी, १८९६ मध्ये, तीन महिन्यांत लागोपाठ महापूर आले. यंत्रांनी काय अडवलं ते सगळ्यांना दिसलं. १८९७ च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी पायी टोकियोकडे निघाले. खात्याचे तेव्हाचे मंत्री एनोमोतो ताकेआकी यांनी स्वतः जाऊन शेतं पाहिली आणि परत येऊन राजीनामा दिला. या सगळ्या गोष्टीत एका मंत्र्याने डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचा त्याच्यावर परिणाम झाला, असं हे एकच उदाहरण. मे महिन्यात सरकारने फुरुकावाला ३७ कलमी आदेश दिला. गाळ बसवायच्या टाक्या बांधा, चुरा अडवा, धूर धुवा, नाहीतर खाण बंद. कंपनीने मोठा खर्च करून मुदतीत बांधकाम केलं. टाक्या झाल्या. पण धूर धुवायचं तंत्र त्या काळी नीट जमलं नाही, आणि आधी टाकलेला चुरा डोंगरात होता तिथेच होता.

१८९८ चा सप्टेंबर हा तानाकांच्या आयुष्यातला सांधा आहे, म्हणून तिथे जरा थांबू. पुन्हा पूर, पुन्हा हजारो शेतकरी टोकियोच्या वाटेवर. देशात नुकतंच पहिलं पक्षीय मंत्रिमंडळ आलेलं, आणि त्यात तानाकांचाच पक्ष. ते धावत शहराच्या वेशीवर गेले आणि मोर्चा अडवला. पोलिसांनी नव्हे, तानाकांनी. हे सरकार आपलं आहे, मोजके प्रतिनिधी ठेवा, बाकीचे परत फिरा, सरकारने ऐकलं नाही तर मी तुमच्यापुढे चालेन, असा शब्द त्यांनी दिला. लोक रडत परतले. आणि महिना-दीड महिन्यात ते सरकारच कोसळलं. शब्द मात्र तानाकांच्या अंगावर राहिला. पुढच्या वर्षी खासदारांचा पगार ८०० येनवरून २,००० येन झाला, तेव्हा त्यांनी वाढच काय, सगळाच पगार नाकारला.

१३ फेब्रुवारी १९०० रोजी शेतकरी पुन्हा निघाले. कावामाता इथे तोने नदीच्या काठी पोलीस वाट बघत होते. निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालल्या, धरपकड झाली, ५१ जणांवर खटले भरले गेले. तानाका तेव्हा संसदेत होते. त्यांनी पक्ष सोडला, कारण पक्षासाठी बोलतोय असं कोणी म्हणू नये. मग प्रश्न टाकला. देश नष्ट होत चाललाय आणि राज्यकर्त्यांना त्याचा पत्ताच नाही, हा त्याचा आशय. पंतप्रधान यामागाता यांचं उत्तर आजही जपानी मंडळी संतापाने सांगतात. प्रश्नाचा अर्थच समजत नाही, सबब उत्तर नाही. खटल्याच्या वेळी सरकारी वकिलाचं बोलणं ऐकता ऐकता तानाकांनी कोर्टात मोठ्ठी जांभई दिली. त्याबद्दल त्यांच्यावरच अपमानाचा खटला झाला आणि पुढे सुमारे चाळीस दिवसांचा तुरुंग!

ऑक्टोबर १९०१ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. १० डिसेंबरला सम्राटाची बग्गी संसदेतून परतत असताना हिबिया इथे गर्दीतून काळ्या पोशाखातला एक म्हातारा हातात कागद उंचावत धावत पुढे आला. अडखळून पडला. पोलिसांनी धरलं. हा गुन्हा जिवावर बेतू शकतो, याची तानाकांना कल्पना होती. कागदाचा मसुदा तरुण पत्रकार कोतोकु शुसुई यांच्याकडून लिहून घेतला होता, आणि त्यातही शब्द खटकले तिथे तानाकांनी स्वतः खोडून दुरुस्त्या केल्या होत्या, प्रत्येक दुरुस्तीवर शिक्का मारून. सरकारने हुशारी केली. खटला भरला तर चर्चा होणार. तेव्हा माणूस वेडा आहे, असं ठरवून त्यांना सोडून दिलं.

पण वर्तमानपत्रांचे खास अंक निघायचे ते निघालेच. आणि इथून पुढचा भाग तुमच्या वयाच्या लोकांचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस हजारावर विद्यार्थी रेल्वेने वातारासेकाठची गावं पाहायला गेले. परत येऊन चौकाचौकांत भाषणं करू लागले, तेव्हा शिक्षण खात्याने अशा दौऱ्यांवर बंदी घातली. कावाकामी हाजिमे हा टोकियोतला विद्यार्थी. पीडितांच्या मदतीसाठी भरलेल्या सभेत त्याने अंगावरचा ओव्हरकोट काढून दिला, आणि दुसऱ्या दिवशी अंगावरचे तेवढे ठेवून बाकी सगळे कपडे गाठोडं बांधून पाठवून दिले. संयोजकांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं की काय! हाच पुढे जपानचा नामवंत अर्थशास्त्रज्ञ झाला. शिगा नाओया या मुलाला वातारासेकाठी जायचं होतं, पण त्याच्या आजोबांचा आशियोच्या खाणीशी व्यवहाराचा संबंध होता. वडिलांनी मनाई केली, कडाक्याचं भांडण झालं, आणि बापलेकांत पडलेली फट कितीतरी वर्षं बुजली नाही. हा पुढे जपानी साहित्यातला मोठा कथाकार ठरला.

लोकमत इतकं तापल्यावर सरकारने १९०२ मध्ये नवी चौकशी समिती नेमली. समितीत कोझाईही होते. मधल्या काळात ते जर्मनीत शिकून आले होते. या वेळी मातीचे नमुने कोणा गावकऱ्याच्या पिशवीतून आले नाहीत, ठिकठिकाणी जाऊन पद्धतशीर घेतले गेले. आकडे खरे होते. तांबं वरच्या थरात टिकून होतं, आपण मघाशी पाहिलं तसं. पण १९०३ च्या अहवालाचा निष्कर्ष वाचा. आज दिसणारं नुकसान मुख्यतः १८९७ च्या आदेशाआधी साचलेल्या तांब्यामुळे आहे, आताची खाण त्याला फारशी जबाबदार नाही. तेव्हा खरा प्रश्न पुराचा आहे, पूर आवरण्यासाठी नदीच्या खालच्या अंगाला एक मोठा जलाशय करा. बघा, माती तीच, तांबं तेच. पहिल्या अहवालाने खाणीकडे बोट दाखवलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तशाच मातीच्या आधाराने बोट नदीकडे वळवलं गेलं. काय मोजायचं हे शास्त्रज्ञाच्या हातात असतं, त्यातून काय करायचं हे ठरवणारी खोली वेगळी असते. कोझाईंना दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण ही जागा वाचताना दरवेळी अडखळायला होतं. ते पुढे टोकियो विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

जलाशयासाठी जागा निवडली यानाका नावाच्या गावाची. हे गाव खाणविरोधी आंदोलनात अगदी पुढे होतं, हा योगायोग समजायचा की नाही ते तुम्ही ठरवा. साधारण चारशे घरं. आपल्याकडे धरणग्रस्त म्हटल्यावर जे जे डोळ्यांपुढे येतं, ते सगळं इथे घडलं. फुटलेले बांध मुद्दाम दुरुस्त करायचे नाहीत, जमिनीचा भाव पाडायचा, एकेकाला वेगळं गाठून सही घ्यायची. १९०४ च्या जुलैमध्ये तानाका यानाकात राहायला गेले. वय ६२. जाताना त्यांना वाटत होतं, आपण लोकांना हक्क शिकवू. काही वर्षांनी त्यांनी कबूल केलं की आपण ऐकून घ्यायला शिकलोच नव्हतो, आणि हे अडाणी समजले जाणारे लोकच आपले शिक्षक निघाले. आयुष्यभर भाषणं केलेल्या माणसाने असं म्हणणं सोपं नसतं.

१९०६ मध्ये यानाका कागदावरून पुसलं गेलं, शेजारच्या गावात विलीन झालं. याच सुमारास देशाचे गृहमंत्री झाले हारा ताकाशी. आदल्या वर्षी ते फुरुकावाच्या कंपनीचे उपाध्यक्ष होते. १९०७ च्या जूनअखेर शेवटची १६ घरं पोलीस बंदोबस्तात पाडली गेली. लोक पावसात ओल्या जमिनीवर झोपड्या घालून राहिले, गेले नाहीत. आराहाता कानसोन या अवघ्या विशीतल्या तरुणाने त्या वर्षी यानाकाच्या नाशाचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला, त्यावरही बंदी आली. इतर काही कुटुंबं सरकारने दूर उत्तरेला, होक्काइदोच्या गोठवणाऱ्या रानात वसवली.

शेवटची काही वर्षं तानाका नद्या मोजत फिरले. हो, मोजत. गवती टोपी आणि झोळी घेऊन, पायी, पूर कुठपर्यंत आला, पाणी कुठे तुंबलं, बांधामुळे प्रवाह कुठे फिरला, हे गावागावांतून विचारून टिपून घ्यायचे. जलाशयाने पूर थांबणार नाही, हे सरकारला त्यांच्याच भाषेत, उंची आणि आकड्यांत सांगायचं होतं. आंदोलनातले जुने सोबती एव्हाना पांगले होते. कोतोकु शुसुई यांना १९११ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात फाशी झाली होती. पत्नी कात्सु यांनी तर नवऱ्याला घरात क्वचितच पाहिलं. एवढ्या मोठ्या लढ्याच्या कथेत त्यांच्या वाट्याला एखाद-दुसरं वाक्य येतं, आणि मीही तेच करतोय.

१९१३ मध्ये असंच फिरत असताना ते एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी आजारी पडले. पोटाचा कर्करोग होता. ४ सप्टेंबरला तिथेच गेले. जमीनजुमला सगळा आधीच संपला होता. झोळीत निघालं ते एवढंच: नद्यांविषयीचं अपुरं लिखाण, डायऱ्या, बायबलचा नवा करार, राज्यघटनेची प्रत, थोडं नदीतलं शेवाळ आणि वाटेत उचललेले तीन गोटे. अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. अस्थींवरून गावांत चढाओढ लागली, म्हणून त्या वाटून निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या.

आशियोची खाण बंद झाली १९७३ मध्ये. त्याआधी १९५८ मध्ये खाणीच्या चुऱ्याचा एक बांध फुटून खालची भातशेती पुन्हा नासली होती. त्या शेतकऱ्यांनी केस लावून धरली आणि १९७४ मध्ये कंपनीने सुमारे १५५ कोटी येन भरपाई दिली. दरम्यान तिथल्या तांदळात कॅडमियमही सापडलं होतं. पुढे ११ मार्च २०११ च्या भूकंपात तोच जुना चुरा पुन्हा खचून नदीत उतरला आणि पाण्यात मर्यादेबाहेर शिसं आढळलं. वर आशियोच्या बोडक्या डोंगरांवर शाळांच्या सहली अजूनही रोपं लावायला जातात. यानाकाच्या जागी आज विस्तीर्ण पाणथळ आहे, रामसर यादीतलं, पक्षीनिरीक्षकांचं आवडतं. लव्हाळ्यात गावाची जुनी कबरस्थानं दिसतात.

आणि तो कागद? हिबियाच्या रस्त्यावर पोलिसांनी तानाकांच्या हातून घेतलेला, ठिकठिकाणी खोडलेला, शिक्के मारलेला? तो जपून राहिला. मे २०१४ मध्ये सम्राट अकिहितो सानोला आले होते, तेव्हा तिथल्या संग्रहालयात तो त्यांना दाखवण्यात आला. ज्या सम्राटासाठी तो लिहिला होता, त्यांचे ते पणतू.